कोपऱ्यातला हात

यार्डात त्याला सगळे बँडमास्तर म्हणत. समोर बँड नसे. समोर असे एक उंच क्रेन आणि तिच्या केबिनमध्ये काचेमागे बसलेला ऑपरेटर. माल कुठून उचलायचा, कुठे ठेवायचा हे खाली उभं राहून त्या ऑपरेटरला हातांनी सांगणं, हे बँडमास्तरचं काम. तिथे ओरडून उपयोग नव्हता. लोखंडावर लोखंड आपटत असे, ग्राइंडर किंचाळत, इंजिनं धडधडत आणि केबिनची काच कायम बंद. म्हणून सगळा कारभार हातांवर. अंगठा वर केला की हुक वर. तळहात खाली दाबला की हुक खाली. बोटं हळूहळू मिटली की आस्ते. आणि मूठ वळून हात वर धरला की जिथल्या तिथे थांब, मग खाली कोणीही उभं असो.

बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. नवीन माणूस संध्याकाळी दंड चोळत बसतो आणि म्हणतो, "उचललं क्रेननं, मग माझेच हात का भरून आले?" हात भरून येतात, कारण ते दिवसभर नीट धरावे लागतात. कोपर अंगाला चिकटलं तर वरून हात कुठला आणि छाती कुठली ते कळत नाही. नाकावर माशी बसली तरी हाकलायची नाही. माशी हाकलायला केलेला हात वरच्याला "डावीकडे घे" असा दिसतो आणि डावीकडे कोणाचं तरी डोकं असतं. बँडमास्तरनं इतक्या वर्षांत कामावर हात खिशात घातला नव्हता, कडाक्याच्या थंडीतही नाही. त्याचा नियम एकच होता. हात नाही, तर हालचाल नाही.

त्याच्या मुलीला ऐकू येत नव्हतं. रांगायला लागली तेव्हा घरात पातेलं पडलं, दणदणत लोळत गेलं आणि ही ढिम्म. मग डॉक्टर, तपासण्या आणि शेवटी एका खोलीत शांतपणे सांगितलेली ती गोष्ट. तिची आई रडली. बँडमास्तर म्हणाला, "हातांनीच बोलायचं ना? माझा जन्म त्यातच गेलाय." पोर शाळेत जायच्या आधीच तिला क्रेनचे इशारे येऊ लागले. कडेवर घ्यायला अंगठा वर करायची, दूध पुरे झालं की मूठ वळायची. आत्या घरी आली की कपाळाला हात लावायची. "मूल वाढवताय की बंदरात माल उतरवताय रे?"

पुढे शाळेत बाईंनी तिला खरी खुणांची भाषा शिकवली. घरात बापाची आणि बाईंची अशी सरमिसळ चाले. घरी तिला म्हणत भिंगरी. मागून कोण येतं ते ऐकू येत नाही, म्हणून ती सारखी वळून बघे. चार पावलं चालली की एक गिरकी. दुकानात गिरकी, जिन्यात गिरकी. आईला त्याचं कौतुक होतं. बँडमास्तरला ते आवडत नसे. ज्याचं लक्ष ठरलेल्या जागी नाही, त्याच्यावर माल पडतो, असं त्याला वाटे.

मग एके दिवशी यार्डाच्या फाटकावर सूचना लागली. यार्ड खाडीच्या पलीकडे हलणार. आता बँडमास्तरला उजाडायच्या आत कामाला निघावं लागणार होतं. भिंगरीची आई एका मोठ्या रुग्णालयाच्या धोबीखान्यात सकाळच्या पाळीला होती. आजवर पोरीला शाळेत सोडायचं काम बापाचं. शाळा लांब नव्हती, पण मधे हमरस्ता होता. बंदराकडे जाणारे ट्रक तिथून सुसाट सुटत. जमिनीवर पांढरे पट्टे होते, सिग्नल नव्हता. आणि शाळेचा नियम सरळ होता. ज्या मुलाला एकटं यायचंय त्यानं बाईंच्या समोर हा रस्ता ओलांडून दाखवायचा. जमलं नाही, तर दुसऱ्या शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत जायचं. तिथे एक जागा धरून ठेवली होती.

भिंगरीला हे सांगितलं त्या संध्याकाळी तिची उशी सापडेना. शेवटी ती पलंगाखाली, बुटांच्या मागे निघाली. आईनं हातांनी विचारलं, इथे कशी? भिंगरी हातांनीच म्हणाली, "उशीशिवाय मला तिकडे पाठवता येणार नाही."

आई हसली, मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

शाळेत त्याच सुमारास एक नवी खोली सुरू झाली होती. बाकं काढून लाकडी जमीन मोकळी केलेली, भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत फोमच्या गाद्या आणि मधे एका खुंटीवर व्हीआरचा चष्मा. बाई त्याला चष्मा म्हणत, बँडमास्तर खोकं म्हणे. खोकं डोळ्यांवर बांधलं की खोली नाहीशी होई आणि समोर रस्ता उभा राही. वाहनं, फुटपाथ, पांढरे पट्टे, सगळं हुबेहूब. मूल सुरक्षित जमिनीवर चार पावलं टाके आणि तिकडे रस्ता ओलांडला जाई. मुलाला जे दिसे ते बाईंना भिंतीवरच्या पडद्यावर दिसे.

सुरुवातीला मुलं घाबरली. ऐकू न येणाऱ्या मुलाचे डोळे झाकले की त्याचे कानही पुन्हा एकदा झाकले जातात. त्या शाळेत मुलांचं लक्ष वेधायला जमिनीवर पाय आपटत. तळव्यांना दणका कळला की मूल वळून बघे. पण डोळ्यांवर खोकं असताना दणका आला तर बघायचं कुठे? दोन मुलांनी खोकं ओरबाडून काढलं. मग बाईंनी एक सोय करून घेतली. चष्म्यातल्या रस्त्यावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात एक हात दिसू लागला. तो हात "थांब" म्हणे, "बघ" म्हणे, "चल" म्हणे. मुलं शांत झाली.

पालकांना बोलावलं तेव्हा बँडमास्तरनंही खोकं बांधून बघितलं. समोरून एक ट्रक भरधाव आला. बँडमास्तर पाय रोवून उभा राहिला, कोपर अंगापासून सोडवलं आणि मूठ वळून हात वर धरला. ट्रक त्याच्या आरपार गेला. मुलं पोट धरून हसली.

खोकं काढत तो म्हणाला, "थांबला नाही, बाई. चांगली मूठ दाखवली त्याला."

"त्याला तुमची मूठ दिसत नाही, भिंगरीचे बाबा."

"मग कसला आलाय ड्रायव्हर!" त्यानं घाम पुसला. "पण तो कोपऱ्यातला हात एकदम झकास. फक्त बारीक आहे. मोठा करा."

बाई म्हणाल्या, "तो हळूहळू काढायचा असतो."

"काढायचा? अहो, हात काढला की माल पडतो."

"रस्त्यावर कोण हात दाखवणार आहे तिला?"

"आधी एका जागी उभं राहायला तर शिकू दे. बघता ना तुम्ही, सारखी गरगर फिरते. फुटपाथच्या कडेला गरगरली तर? हात येईस्तोवर हलायचं नाही, एवढं पक्कं होऊ दे. बाकीचं मग."

खोलीत अजून सहा मुलं ताटकळत होती आणि घाबरलेल्या मुलांची आठवण ताजी होती. बाई म्हणाल्या, "बरं. काही दिवस."

बँडमास्तरनं कामात कधी कसूर केली नव्हती, याही कामात केली नाही. यार्डातून आला की हातपाय धुऊन तो घराच्या बोळात एका टोकाला उभा राही. दुसऱ्या टोकाला भिंगरी. त्याच्या हातावर डोळे लावून उभं राहायचं, "चल" दिसलं की निघायचं, मूठ दिसली की पाय हवेत असला तरी थिजायचं. वळली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारीण दळण घेऊन बोळातून जायला निघाली तर तिलाही तो मूठ दाखवून थांबवी. "अहो, मला कशाला? मला ऐकू येतं," ती म्हणे आणि तरी थांबे.

पोर हुशार होती. गिरक्या बंद झाल्या. शाळेत खोकं बांधून ती पुतळ्यासारखी उभी राही आणि हात आला की सरळ पलीकडे. एकही चूक नाही. आई मात्र एकदा म्हणाली, "हल्ली ही मागे वळून बघत नाही. मी मागे येऊन उभी राहिले तरी कळत नाही हिला."

"शिस्त लागली," बँडमास्तर म्हणाला.

बाई म्हणाल्या, आता हात काढून बघू. बँडमास्तरला घाई होती. यार्डाचे सुटे भाग ट्रकवर चढायला लागले होते. तो म्हणाला, "एकही चूक नाही म्हणता, मग कशाला? एकदम रस्त्यावरच बघू." बाईंना पटलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "मी तिच्यापासून हातभर अंतरावर असेन, तरच."

सकाळी तिघं रस्त्यावर गेली. भिंगरी फुटपाथच्या कडेला उभी राहिली, पाठीवर दप्तर, दप्तराच्या जाळीत पाण्याची बाटली. बाई तिच्या मागे. बँडमास्तर दिव्याच्या खांबाआड, तिला दिसणार नाही असा.

रस्ता मोकळा झाला. भिंगरी हलली नाही. ट्रकांची एक रांग गेली. पुन्हा मोकळा झाला. तरी हलली नाही. बँडमास्तरनं मान वाकडी करून तिचा चेहरा बघितला. ती रस्त्याकडे बघतच नव्हती. ती वर बघत होती, समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीच्या वर, उजव्या कोपऱ्यात. तिथे तारेवर एक कबुतर बसलं होतं. ती त्या कबुतराकडे टक लावून उभी होती.

काय चाललंय ते बँडमास्तरला कळलं, पण पुरतं कळायच्या आत दुकानातून एक माणूस बाहेर आला, पायरीवर उभा राहिला आणि टॅक्सी थांबवायला त्यानं हात उंच केला. बोटं हलवली. ये.

भिंगरीला हात दिसला. ती रस्त्यावर उतरली. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, सरळ.

ट्रक येत होता.

बँडमास्तर ओरडला. आपल्या पोरीला ऐकू येत नाही हे माहीत असून ओरडला. त्यानं पाय आपटला, जाड यार्डाचा बूट, सगळा जोर लावून. डांबरानं तो दणका गिळून टाकला. त्यानं मूठ वळून हात वर केला, तिच्या पाठीमागे, जिथे तिला डोळे नव्हते.

बाईंच्या हाती दप्तराचा पट्टा लागला. त्यांनी तो असा ओढला की दोघी फुटपाथवर बसल्याच. ट्रकचा वारा अंगावरून गेला. जाळीतली बाटली घरंगळत गेली आणि मागच्या चाकाखाली तिचा चपटा पत्रा झाला.

भिंगरी रडली नाही. रागानं लाल झाली. बाईंना, बापाला, दोघांना हातांनी म्हणाली, "हात आला होता."

"कोणाचा हात?" बँडमास्तरनं विचारलं.

"हात!" तिनं पुन्हा तेच केलं. कोणाचा, हा प्रश्नच तिला कळला नाही.

बाई उठून धूळ झटकत होत्या. "आठवडा आहे," एवढंच त्या म्हणाल्या. "त्यानंतर मला वसतिगृहाला कळवावं लागेल."

घरी आईनं ती चपटी बाटली उलटसुलट करून बघितली. भिंगरी आत झोपली होती.

"तिनं बाजूला बघितलं नाही?"

"नाही."

"का नाही? पाळण्यात होती तेव्हापासून चारी बाजूंना बघते ती."

बँडमास्तर बुटाची नाडी सोडत राहिला.

"अहो, मी विचारतेय."

"हात बघत होती."

आईनं बाटली टेबलावर ठेवली. "माझी पोर म्हणजे तुमची क्रेन आहे का हो? तुम्ही दांडा हलवायचा आणि तिनं डोलायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडे वसतिगृहात असली तर निदान जिवंत असेल." आणि हे आपण म्हणालो याचीच तिला इतकी भीती वाटली, की ती उठून धुतलेले कपडे पुन्हा घड्या घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी यार्डात काम कमी होतं, बांधाबांध जास्त. चहाला ऑपरेटर शिडीवरून खाली आला. इतकी वर्षं दोघं एकमेकांसमोर होते, एक वर, एक खाली, पण बोलणं झालं असेल ते चहापुरतं.

बँडमास्तर म्हणाला, "एक विचारू? मी हात दिला नाही तर तू हलतोस?"

"नाही."

"आणि दिला तर?"

ऑपरेटरनं चहावर फुंकर मारली. "दिला तर आधी बघतो."

"काय बघतोस?"

"हुक बघतो. दोर बघतो. खाली कोणाचं टाळकं आहे का बघतो. मग हलतो. तुला काय वाटलं, तू हात केलास की मी डोळे मिटून दांडा ओढतो?"

"हो."

"वेडा आहेस का! त्या लांब पाइपांच्या वेळी तू ‘वर घे’ म्हणालास आणि मी घेतलं नाही, आठवतंय?"

"इंजिन अडकलं म्हणाला होतास."

"इंजिनाला काय धाड भरलीय. पाइपांना बांधलेला पट्टा सरकला होता. तुझ्या बाजूनं दिसत नव्हता. आता चारचौघांत काय सांगू, बँडमास्तरचा ताल चुकला म्हणून?" तो हसला. मग समोरच्याचा चेहरा बघून हसायचा थांबला. "काय झालं रे?"

"काही नाही," बँडमास्तर म्हणाला. त्याचा चहा तसाच निवला.

सुट्टी टाकायची त्याला सवय नव्हती. त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून तो शाळेत गेला. "बाई, हात काढा."

बाईंनी हात काढला. मग म्हणाल्या, "तुम्ही तिच्या मागे उभे राहू नका. तुमचं वजन तिला जमिनीतून कळतं. त्या बाकावर बसा. पाय वर घ्या. आणि हात..." त्यांनी त्याच्या हातांकडे बघितलं. "हात खिशात ठेवा."

एवढा मोठा माणूस लहान मुलांच्या बाकावर पाय वर घेऊन बसला आणि त्यानं हात खिशात घातले. खिसे त्याला परके वाटले. एकात एक खिळा होता, तो त्यानं बोटांत घट्ट धरला.

भिंतीवरच्या पडद्यावर रस्ता आला. भिंगरी उभी राहिली. पडद्यावरचं चित्र हळूच वर, उजव्या कोपऱ्याकडे सरकलं. तिथे नुसतं आभाळ होतं. ती वाट बघत राहिली. कितीतरी वेळ. मग कंटाळून तिनं पाऊल टाकलं आणि डावीकडून मोटार आली. पडदा करडा झाला आणि तसाच राहिला.

बँडमास्तरनं डोळे मिटून घेतले.

तिनं खोकं काढलं, वळून बापाला शोधलं. "हात द्या," ती म्हणाली. त्याचे हात खिशात होते. ऐकणाऱ्या पोरीच्या बापानं तोंड दाबून बसावं, तसा तो बसला होता. ती पुन्हा म्हणाली, "हात द्या ना." त्यानं मान हलवून नाही म्हटलं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि डोळे घट्ट मिटले. तिच्या भाषेत याचा अर्थ एकच होता, आता मला तुमच्याशी बोलायचं नाही.

बाईंनी तिला शिकवायला घेतलं. चाकं बघ. चाकं कुठे वळलीत बघ. उभ्या गाडीच्या मागून काय येतं ते बघ. ड्रायव्हर तुझ्याकडे बघतोय का ते बघ. डोकं फिरव. भिंगरीचं डोकं फिरेना. बोळात घोटवलेलं अंगात मुरलं होतं. ती ताठ उभी राही आणि आभाळाचा कोपरा धरी. पडदा करडा. पुन्हा. पुन्हा करडा.

बँडमास्तर खोलीबाहेर आल्यावर म्हणाला, "बाई, हे बघवत नाही."

"मलाही नाही. पण इथे मेलं तर पुन्हा उठता येतं. त्यासाठीच आहे ते."

"आणि तिकडे?"

बाई खोलीत परत गेल्या.

पुढच्या एका दिवशी पोर भडकली. लागोपाठ पडदा करडा झाला तेव्हा तिनं खोकं गादीवर फेकलं, जमिनीवर पाय आपटला, मग स्वतःच उचलून पुन्हा बांधलं. आणि रागाच्या भरात, रस्ता समोर यायच्या आधीच, गर्रकन एक गिरकी घेतली. पडद्यावर सगळा रस्ता फिरला. मागचं दुकान, उजवीकडची बस, डावीकडचा वळणावरचा टेम्पो. बँडमास्तरला गरगरलं. बाईंनी त्याच्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं. त्या शाळेत ही खूण कोणी कधी करत नसे.

भिंगरी थांबली. पुन्हा डोकं फिरवलं, आता सावकाश. टेम्पो जाऊ दिला. आणि पलीकडे गेली.

म्हणून जमलंच असं नाही. कधी जमे, कधी नाही. शेवटच्या दिवशीही सकाळी एकदा जमलं आणि लगेच पुढच्या वेळी पडदा करडा झाला. बाई म्हणाल्या, "उद्या रस्त्यावर. जे होईल ते."

त्या सकाळी आईनं पाळी बदलून घेतली होती. बाई अलीकडे भिंगरीच्या मागे उभ्या राहिल्या. नवराबायको पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या पायरीजवळ. भिंगरीला दोघं दिसत होती, म्हणून बाईंनी बँडमास्तरला पुन्हा बजावलं होतं. चुकूनही हात बाहेर नाही.

"हात," आई म्हणाली.

"खिशातच आहेत."

"नीट घाला."

रस्ता भरून वाहत होता. भिंगरीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग तिची नजर वर गेली, पाटीच्या वर, त्या कोपऱ्याकडे. आईनं बँडमास्तरचं कोपर धरलं. तिची नखं सदऱ्यातून रुतली. नजर वर तशीच राहिली. मग खाली आली. भिंगरीनं मान मागे वळवली. उजवीकडे. डावीकडे. पुन्हा मागे.

एक ट्रक गेला. मागून एक टेम्पो आला आणि पट्ट्यांच्या अलीकडे थांबला. ड्रायव्हर म्हातारा होता, भला दिसत होता. लहान पोर उभी बघून त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि बोटं हलवली. ये, बाळ, ये.

हात. मोठा, स्वच्छ, समोर.

बँडमास्तरला टेम्पोच्या आडून येणारी मोटारसायकल दिसत होती. तिला दिसत नव्हती. त्याच्या खिशातला हात मूठ वळून वर यायला धडपडला आणि शिवण टरकल्याचा आवाज त्यालाच ऐकू आला. आई कुजबुजली, "नको. अहो, नको."

भिंगरीनं त्या हाताकडे बघितलं. एक पाऊल उतरली आणि टेम्पोच्या नाकाशी थांबली. कोपर अंगापासून सोडवलं, मूठ वळली आणि हात वर धरला, टेम्पोवाल्याच्या तोंडासमोर. जिथल्या तिथे थांब. मग कमरेत वाकून तिनं टेम्पोच्या पलीकडे डोकावलं.

मोटारसायकल सूं करून गेली.

तिनं पुन्हा डोकावलं. मग दुसरी बाजू. मग चालत, न पळता, पांढऱ्या पट्ट्यांवरून पलीकडे आली. मूठ तशीच वर. टेम्पोवाला तोंड उघडं टाकून बघत होता. ती फुटपाथवर चढली आणि मगच तिनं मूठ सोडून त्याला अंगठा वर केला. आता ने.

आई तिथेच पायरीवर बसली. बँडमास्तरनं हात बाहेर काढले. ते इतके थरथरत होते की त्याला एकही धड शब्द बोलता येईना. भिंगरीनं ते हात निरखून बघितले आणि आपली बोटं हळूहळू मिटली. आस्ते, बाबा, आस्ते.

खाडीपलीकडच्या यार्डातला तो पहिला दिवस. बँडमास्तर उजाडायच्या आत घरून निघाला होता. पोर झोपेत होती, उशी डोक्याखाली. नवी जमीन, जुनीच क्रेन, वर तोच ऑपरेटर. शाळेची वेळ झाली तेव्हा हुकाला एक जड चौकट लटकत होती. बँडमास्तरनं ती घाई न करता खाली आणवली, लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, दोर सैल पडल्याची खात्री केली. मग मूठ वळून हात वर धरला.

हात वरच राहिला. क्रेन थांबली, खालची माणसं थांबली. कोणीतरी म्हणालं, "बँडमास्तर, झोप लागली काय?" वर केबिनमध्ये ऑपरेटरनं दांड्यावरचा हात काढला, टेकून बसला आणि हॉर्न वाजवला नाही.

छातीच्या खिशात फोन थरथरला. बाईंनी चित्रफीत पाठवली होती. शाळेच्या फाटकात भिंगरी, घामेजलेली, केस विस्कटलेले. ती हातांनी सांगत होती, "पोचले. एक कुत्रा पण माझ्याबरोबर ओलांडत होता. तो बघत नव्हता. मी त्याला थांबवलं." मग फोन धरणाऱ्या बाईंच्या मागे काहीतरी हललं असावं, कारण बोलता बोलता तिनं मान वाकडी करून तिकडे बघितलं.

बँडमास्तरनं फोन खिशात ठेवला, कोपर अंगापासून सोडवलं आणि अंगठा वर केला.

ऑपरेटरनं आधी हुकाकडे बघितलं.